तू पडलीस असं ठरलं

शिरगाव, डिचोली
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय रूपाली,

पत्र बघून हसू नकोस. तुझा फोन दीड महिना बंद आहे. तुझ्या भावाच्या, निलेशच्या फोनवर केला की तो "ती निजली" म्हणतो. संध्याकाळी सहालाही तू निजलेलीच असतेस. म्हणून लिहायला बसले. आमच्या पॅकिंगमधली सुविधा रोज तुमच्या कोरगावच्या घरावरूनच जाते, तिच्या हाती देईन. ती दुसऱ्याचं वाचणारी नाही, तरी पाकीट चिकटवलं आहे.

इथे सगळी ठीक आहेत. तिथेही असावीत.

आई शेजारी कुळीथ निवडत बसली आहे. मधून मधून "कितें बरयलें?" म्हणून विचारते आणि मी वाचून दाखवते. तेव्हा हे पत्र थोडं तिचंही आहे असं समज.

कारखान्यात विशेष काही नाही. नवीन मशीन आलं, ते चालवायला शिकवणारा माणूस पुण्याहून आला आणि आठ दिवस फक्त इथल्या माशांबद्दल बोलला. तुझ्या जागी पॅकिंगला जी मुलगी घेतली ती बरी आहे, पण लेबल तिरकं लावते. माझ्याकडे तपासणीला आलेल्या पहिल्याच पेटीत मला ते दिसलं. तुझी आठवण काढली.

दादा बरा आहे. (आईने "बरो आसा म्हण बरय" सांगितलं. लिहिलं.) जेवतो. वजन पुष्कळसं भरून आलं आहे. रक्त मागच्या आठवड्यात पुन्हा तपासलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. एप्रिलनंतर ताप नाही. ट्रकवर अजून जात नाही. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला आहे, तो तात्पुरता आहे असं सगळे सांगतात. फक्त तो ड्रायव्हर तसं सांगत नाही.

गाय विठूमामाकडे पाठवली. अंगण इतकं स्वच्छ असतं की तू ओळखणार नाहीस.

तुझा हात कसा आहे? प्लास्टर काढलं असेल. बोटं नीट मिटतात का ते बघ, नुसतं "दुखत नाही" म्हणून सोडून देऊ नकोस. मागच्या पायऱ्यांवर या पावसात फार शेवाळ धरलं होतं. बाबांनी ब्लिचिंग टाकून त्या घासून घेतल्या आहेत. आता कोणी पडणार नाही असं ते म्हणतात.

आता आईचं. लग्नानंतरची तुझी ही पहिली चवथ. तुझ्या माहेरहून वजें येणार, करंज्या-लाडवांची ती पाटी शेजारपाजारच्या बायका बघायला येणार, आणि सून कुठे म्हणून विचारणार. गणपतीवरची फळापानांची माटोळी यंदा तुम्हा दोघांच्या हातून बांधून घ्यायची असं तिने लग्नातच ठरवलं होतं. ती म्हणते, "तिका सांग, घोव बरो जाला. आतां आनी कितें जाय? सून म्हायरांत बसल्यार लोक माकाच विचारतले." हे मी जरा मऊ करून लिहिणार होते, पण ती बघते आहे.

तेव्हा चवथीच्या आधी ये, असं तिचं सांगणं आहे.

आईचे तुला आशीर्वाद. बाबांनी काही सांगितलं नाही. ते पुढच्या ओसरीवर, बाल्कांवात पेपर वाचत बसले आहेत. पेपर सकाळचाच आहे. तुझ्या आईबाबांना नमस्कार.

तुझी नणंद,
संजना

ता. क. आई चहा ठेवायला उठली आहे. तुला खरंच यायचं आहे का?


तुये, कारखाना
बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

रूपाली,

तुझी चिठ्ठी सुविधाने सकाळी दिली. चार ओळी. "सगळी बरी आहेत वाचून बरं वाटलं. हात जुळला. आईंना सांग, चवथीच्या आदल्या दिवशी वजें घेऊन बाबा आणि मी येतो. मी पडले ते पडले, आता त्याचं काय."

कॅन्टीनमध्ये वाचली आणि हातातला उंडा-पाव अर्धा टाकून उठले. आता जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. इथे कुळीथ निवडायला कोणी नाही.

तू पडली नाहीस.

मी मागच्या जनेलापाशी होते, बाहेर बघत. तू गोठ्याच्या माळ्यावरून सुका पातेरा घेऊन आलीस, न्हाणीची चूल पेटवायला. पावसाळ्यात सगळ्यांकडे तोच वापरतात. काजूची, फणसाची पानं उन्हाळ्यात गोळा करून ठेवायची आणि ओल्या दिवसांत त्यांनी चूल पेटवायची, आई लग्न होऊन आली तेव्हापासून हेच करते. दादा अंगणात होता. तुझ्या हातात पाला दिसल्याबरोबर तो "टाक तें! भायर टाक!" म्हणून ओरडत आला. तू हसलीस. म्हणालीस, "मग पाणी कित्यान तापोवं, तुज्या रागान?" त्याने तुझं मनगट धरलं. पिरगळलं. पाला सुटला. मग त्याने तुला ढकललं. तू पायऱ्यांवरून खाली गेलीस ती त्या हातावरच.

त्यानंतर तो तुझ्याकडे आला नाही. खाली बसून पान न् पान वेचू लागला.

पायऱ्यांवर शेवाळ होतं. तू पडायच्या आधीही होतं. त्याचा काही संबंध नाही.

इस्पितळात डॉक्टरने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "पडली पावसान." तू मान हलवलीस. मी बोलायला तोंड उघडलं, तर तू माझ्याकडे असं बघितलंस की मी मिटलं. घरी येऊन आईला सांगितलं की मी पाहिलं आहे. ती म्हणाली, "काळोख आसलो, तुका कितें दिसलें?" दुपारचे चार वाजले होते, रूपाली. अशा तऱ्हेने तू पडलीस असं ठरलं. आता तूही तेच लिहितेस.

हे आधी लिहिलं, कारण दुसरं जे लिहायचं आहे ते आधी लिहिलं असतं तर हे त्याखाली दडपलं गेलं असतं. आमच्या घरात तसंच होतं. कोणी "हात" म्हटलं की दुसरा "आजार" म्हणतो, आणि बोलणं संपतं.

तर आजार.

मार्चमध्ये ट्रक बंद होते म्हणून दादा विठूमामाच्या बागेत गेला, तिकडे दोडामार्गच्या बाजूला. तूही चार दिवस होतीस. काजू झाडावरून तोडत नाहीत, आपोआप गळलेला वेचतात. काठीला खिळा मारायचा आणि दिवसभर पाल्यातून फिरायचं. त्या पाल्यात तिळाएवढी गोचीड असते. त्या बागेत माकडं मेलेली सापडली होती आणि आरोग्य केंद्राने अंगाला लावायचं तेल वाटलं होतं. मामाने ती बाटली माळ्यावर ठेवली, कारण तेलाचा वास लागला तर काजूच्या बोंडूच्या रसालाही लागेल म्हणे. हे मला मामीने सांगितलं. मामा अजून "गौरेशाक पयलींच बरें नासलें" म्हणतो, म्हणजे दादा तिथे जायच्या आधीच आजारी होता.

मग गोचीड चावली. ताप, इस्पितळ, रिपोर्ट, माकडताप. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तूच उशाशी होतीस. तो घरी आला. आईने त्याला कडुलिंबाच्या ऊन पाण्याने डोक्यावरून न्हाऊ घातलं, देवीला नारळ ठेवला. आमच्याकडे लहानपणापासून हेच चालत आलं आहे. न्हाऊन उठला की माणूस बरा. त्यानंतर त्याला आजारी म्हणायचं नाही, तसं म्हटलं तर आजार परत येतो. दुसऱ्या दिवशी तो ट्रकवर गेला. आठवड्याने परत ताप, डोकं फुटेल अशी वेदना, हातांना थरथर. आणि तुझ्याकडे बघून "ही बाई कोण?" म्हणाला. त्यावेळी तू बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलंस आणि परत आलीस. आपण त्याबद्दल कधीच बोललो नाही.

दुसरा ताप उतरला. विषाणू गेला. रिपोर्टात तेवढंच आहे.

मी दिवसभर हेच काम करते. गोळ्यांची एक बॅच माझ्याकडे येते, मी ठरलेल्या गोष्टी तपासते, सही करते. त्या सहीचा अर्थ एवढाच की मी जे तपासलं त्यात ती बसली. जे तपासलंच नाही त्याबद्दल ती सही गप्प असते. दादाचं रक्त तपासलं. तो झोपतो का, हे कोणी तपासलं नाही. कुकरची शिटी झाली की तो कान दाबून भिंतीकडे तोंड करतो, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? दिवसातून कितीदा रडतो? कशासाठी, विचारलं तर "कांय ना" म्हणतो. पावसात उभा राहून फणसाची गळलेली पानं सुपात वेचतो. अंगण स्वच्छ असतं म्हणून लिहिलं होतं ना, ते त्यामुळे. गाय मामाकडे पाठवली कारण तिच्या अंगावरची गोचीड जाळायला तो पेटतं कोलीत घेऊन गोठ्यात गेला होता.

मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. तपासणीला गेलो होतो तेव्हा, उभ्या उभ्या. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि "अशक्तपणा आहे, शक्ती येईल, नारळपाणी द्या" म्हणाले. बाहेर रांग होती.

आणि या रोगाचं नाव. डेंग्यू झाला म्हटलं की शेजारी पपईचा पाला घेऊन येतात. माकडताप म्हटलं की हसतात. त्याचा ट्रकवरचा दोस्त स्वप्नील घरी बघायला आला आणि दारातूनच ओरडला, "गौरेशा, आतां झाडार चडून ट्रक चलयतलो मरे तूं!" सगळे हसले. दादाही हसला. मग दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. आई म्हणाली, "बरो हांसलो न्हय, बरो जाता."

मनाच्या डॉक्टरकडे नेऊया, असं मी जूनपासून सांगते आहे. आईचं उत्तर: "माजो पूत पिसो न्हय." बाबांचं उत्तर: "चवथ सरूं दी मगो." आमच्या घरात सगळ्या गोष्टी चवथीनंतर होतात. मला आता राग यायचाही कंटाळा आला आहे. कधी वाटतं तो आजाराच्या आड बसला आहे. कधी वाटतं आम्ही सगळी त्याच्या आड बसलो आहोत, आणि सर्वांत पुढे तुला उभं केलं आहे.

एक गोष्ट लिहायची नव्हती. मी माझ्या खोलीला आतून कडी लावते. सख्ख्या भावाच्या घरात. त्याने मला कधी बोटही लावलेलं नाही. तरी लावते, आणि सकाळी तो चहाचा कप दाराबाहेर ठेवून जातो तेव्हा मला स्वतःची लाज वाटते. कडी तरीही लावते.

तू विचारलंस, आता त्याचं काय. तर आईला जे वाक्य हवं आहे, "तो आता बरा आहे, ये", ते माझ्या नावाने मी लिहू शकत नाही. त्याने ते मुद्दाम केलं असंही लिहू शकत नाही. मला वाटतं त्याला त्या क्षणी तुझ्या हातात पाला नाही, मरण दिसलं, आणि तो ते तुझ्यापासून ओढून घेत होता. हा माझा अंदाज आहे. तुझं हाड मोडलं हा अंदाज नाही.

मंगळवारी रजा टाकली आहे. दादाला बांबोळीला मनाच्या डॉक्टरकडे नेते. आई आली तर आली. तो येईल की नाही, तेही माहीत नाही. विचारलं तर सुपातलं पान उलटसुलट करत बसला. निकाल कळवेन. तोवर पेटी भरू नकोस.

सुट्टी संपली.

संजना
(नणंद हा शब्द या पत्रापुरता बाजूला ठेवला आहे)


शिरगाव
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय रूपाली,

मंगळवारी गेलो. कळवायला पाच दिवस लागले, कारण तीन वेळा लिहून फाडलं. मला एकदा लिहिलेलं फाडायची सवय नाही.

गाडी स्वप्नीलने आणली. मी त्याला बोलावलं नव्हतं, दादानेच फोन केला. याचा अर्थ तो यायला तयार होता आणि मला सांगत नव्हता. स्वप्नील दार उघडून म्हणाला, "आज तूं ड्रायव्हर न्हय. शेट. फाटीं बस." आणि नंतर बांबोळीपर्यंत एक विनोद केला नाही. त्याच्यासाठी ते फार अवघड गेलं असणार.

आई शेवटच्या क्षणी बाहेर आली. नेसणं बदललेलं, हातात नारळाची पिशवी. "कोणाक दितलें तो नारळ?" बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "वाटेर देवळां आसात न्हय?" गाडीत माझ्या शेजारी बसली आणि पूर्ण वाटेत माझ्याशी बोलली नाही.

डॉक्टरीण माझ्याहून फार मोठी नसेल. तिने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दादाला विचारलं, "भीती कशाची वाटते?" मला वाटलं तो "कांय ना" म्हणेल. तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "पालो हालता. वारो नासतना हालता." ती लिहून घेत नव्हती, नुसती बघत होती. त्याने आणखी सांगितलं. डोळे मिटले की अंगावर काहीतरी चढतं. ट्रकचं स्टेअरिंग धरलेला हात आपला वाटत नाही. एवढं सगळं तो पाच महिन्यांत आमच्याशी बोलला नव्हता. खरं तर आम्ही त्याला तसं विचारलंच नव्हतं. आम्ही "बरें दिसता?" असं विचारत होतो, आणि त्याला उत्तर एकच असतं.

मग आई मध्येच बोलली. मला वाटलं, आता "पिसो न्हय" येणार. मी तिचा हात धरायला पुढे झाले.

ती म्हणाली, "डॉक्टर, न्हाणयलो म्हणून परत आयलो काय ताप?"

डॉक्टरिणीला कळलं नाही. मला कळायलाही वेळ लागला. आईने तिला सगळं सांगितलं, कडुलिंब, ऊन पाणी, नारळ. "दुसऱ्या दिसा ट्रकार हांवेंच धाडलो. तो नाका म्हणटालो. हांवें म्हटलें, न्हालो न्हय, आतां कांय ना तुका."

डॉक्टरीण म्हणाली, "नाही हो आई. काही जणांना हा ताप दोनदा येतो. मधले दिवस माणूस बरा वाटतो, आणि मग तो डोक्यात जातो. अंघोळ घातली नसती, ट्रकवर पाठवलं नसतं, तरी आला असता."

"तरी आयलो आसतो?"

"तरी."

आईने तिला हे आणखी दोनदा विचारलं. मग पदर तोंडाला लावून बसली.

रूपाली, मी तिच्याशी इतके दिवस आजारावर भांडत होते. ती मात्र त्या अंघोळीवर भांडत होती. तो बरा झाला नसेल तर तिने त्याला बिघडवलं असा तिचा हिशोब होता, म्हणून तो बरा असायलाच हवा होता, आणि तू पडलेलीच असायला हवी होतीस. हे कळल्यावर मला तिची दया आली. राग गेला असं मात्र नाही. दोन्ही आहेत, वेगवेगळ्या खणात.

यानंतर डॉक्टरिणीने विचारलं, घरात कोणाला काही इजा वगैरे झाली आहे का. आईने माझ्याकडे बघितलं. तू इस्पितळात बघितलंस, तीच नजर. पण या वेळी मी गप्प राहणार नव्हते. मी श्वास घेतला आणि त्याआधीच दादा बोलला.

"बायलेचो हात मोडलो. हांवें मोडलो."

आईने "पावसान" म्हटलं नाही, हे तुला कळावं.

आता डॉक्टरिणीने काय सांगितलं ते, मला जसं कळलं तसं. ताप मेंदूपर्यंत गेला की नंतर असं होऊ शकतं. त्यात मरणाची भीती मिसळली, झोप गेली, काम गेलं. गोळ्या दिल्या आहेत. दर आठवड्याला बोलायला जायचं. सुधारणा होते, बहुतेकांना होते. कधी होईल आणि किती, ते तिने सांगितलं नाही, आणि मी दोनदा विचारूनही सांगितलं नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. स्टेअरिंगवर बसायचं नाही. तो बिथरलेला असेल तेव्हा कोणी एकटीने त्याच्याजवळ राहायचं नाही. "एकटीने" हा शब्द तिने मुद्दाम वापरला आणि आईकडे बघून वापरला.

परत येताना म्हापशाच्या पुढे दादा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला, "तिका बरय, चवथीक येवं नाका म्हण."

आई म्हणाली, "कित्याक?"

"माजो माकाच भरवसो ना अजून."

हे त्याचं वाक्य आहे. मी त्यात एक शब्द वाढवलेला नाही आणि काढलेला नाही. "अजून" हा शब्दही त्याचाच आहे. त्यावर तू किती वजन टाकायचं ते तुझं तू बघ. मी तो मोठा करून दाखवणार नाही.

घरी सगळं बदललं असं समजू नकोस. गोळ्यांनी तो दुपारभर निजतो आणि आई त्याच्या तोंडापाशी हात धरून श्वास बघते. काल परत पानं वेचत होता. बाबा शेजारी जाऊन उभे राहिले आणि मग तेही वेचू लागले. डॉक्टरिणीला हे चालेल की नाही ते विचारायला हवं. आणि आई, माझी आई, परवा सकाळी तांदूळ धुता धुता म्हणाली, "ती येना जाल्यार रावूं. वजें तरी येवं दी." म्हणजे सून नाही तर निदान करंज्या दिसल्या पाहिजेत. मी हसले. मग हातातलं भांडं जरा जोराने ठेवलं.

वजें पाठवू नका. तुझ्या बाबांना हे माझ्या नावाने सांग. ते माझ्यावर रागावले तर रागावू देत, त्यांनी आधीच कोणावर तरी योग्य कारणासाठी रागवायला हवं होतं. निलेशलाही खरं सांग. तो मला फोनवर टाळतो याचा अर्थ त्याला अर्धं कळलेलंच आहे. तुला लोक म्हणतील की आजारी नवऱ्याला सोडून माहेरी बसली. तुझी आईही म्हणेल. त्यांना हात दाखव आणि आजारही सांग. एक सांगून दुसरं गाळू नकोस. एवढंच मी तुझ्याकडे मागते, बाकी काही मागायचा मला हक्क नाही.

आणि तू स्वतः झोपतेस का? तूही चार दिवस त्या पाल्यात होतीस. सुविधा सांगत होती की तू केस धुतल्यावर कंगव्यातून काहीतरी शोधत बसतेस, दिवसातून दोनदा-तीनदा. मी तिला विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. तुला ताप आला नाही म्हणून तुला काही झालं नाही असं मी यापुढे धरणार नाही. डॉक्टरिणीचा नंबर मागे लिहिला आहे. ती फक्त दादाची नाही.

पुढच्या वर्षी काय, ते मला माहीत नाही. तू परत येशील का, हा प्रश्न मी घरात कोणाला विचारू देत नाही, स्वतःलाही नाही. तू आली नाहीस तरी मी त्याला आठवड्याला नेत राहीन. आलीस तर तुझ्या पायांनी, दिवसाउजेडी, आणि आधी त्याने तुझ्यासमोर उभं राहून ते "हांवें मोडलो" वाक्य बोलल्यावर.

मला या घरात बोलायला कोणी नाही. हे मी आजवर लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर तू पेटी भरली असतीस. तुला ओळखते. संध्याकाळी कामावरून येते तेव्हा स्वयंपाकघरात तू असावीस असं मला रोज वाटतं. माटोळीला फळं बांधताना तू असावीस, आईच्या पाठीमागे तिची नक्कल करावीस असं वाटतं. दादाहून जास्त मलाच तू इथे हवी आहेस.

म्हणून हे मीच लिहिणं बरं.

येऊ नकोस.

तुझी,
संजना